भागवत हेलिओडोरस

ग्वाल्हेर संस्थानच्या अमदानीत ज्यांच्या घरचे कोणी ना कोणी भेलशाला कामावर होते, त्यांना खांबबाबा हे नाव नवे वाटणार नाही. भेलसा म्हणजे १९५६ पासूनचे विदिशा. गावाबाहेर बेतवा आणि बेस या दोन नद्यांच्या बेचक्यात बेसनगरची जुनी पांढर पसरली आहे. तेथे एक दगडी खांब उभा आहे. बुंध्याशी आठ पैलूंचा, त्यावर सोळा पैलूंचा, आणखी वर बत्तीस पैलूंचा आणि शेवटी गोल. माथ्यावर घंटेच्या आकाराचे शीर्ष आहे. त्याच्याही वर एके काळी गरुड होता, तो आता नाही. ज्याने हा खांब उभारला तो तक्षशिलेचा ग्रीक होता. त्याचे नाव हेलिओडोरस, आणि एकवीसशे वर्षांहून अधिक काळापूर्वी तो या मुलखात वकील म्हणून आला होता. वकील हा शब्द मी पेशवाईतल्या अर्थाने वापरतो आहे. एका दरबाराने दुसऱ्या दरबारी पाठवलेला माणूस.

शाळेच्या पुस्तकांत त्याच्या वाट्याला एक ओळ येते: हिंदू झालेला ग्रीक. मला ती ओळ कधी पुरी पटली नाही. एक धर्म टाकून दुसरा घ्यायचा असतो ही कल्पना आपल्या डोक्यात आता इतकी पक्की बसली आहे की, ती सर्व काळी सर्व लोकांची होती असे आपण धरून चालतो. हेलिओडोरस ज्या लोकांत जन्मला त्यांची समजूत तशी नव्हती. त्यांचे देव घरात कोठे बसत, काय खात, कशाने रागावत, हे पाहिल्याशिवाय त्याने विदिशेला जे केले त्याचा उलगडा होत नाही. म्हणून त्याचे चरित्र मी दरबारापासून सुरू न करता चुलीपासून सुरू करतो. तुलनेला मी आमचा राजपुरा घेईन. मी बुऱ्हाणपूरच्या या पुऱ्यात वाढलो आणि ग्रीकांच्या घरातील देवधर्माविषयी जे जे वाचले ते ते मला येथल्या जुन्या वाड्यांतच समजले.

आधी नाव. त्याच्या वडिलांचे नाव दिऑन. ग्रीकांचा देवराज झ्यूस, त्याच्या नावापासून हे नाव निघते. मुलाच्या नावाचा अर्थ सूर्याने दिलेला; आपल्याकडे सूर्यदत्त म्हणावे तसे. अपोलोडोरस, आर्टेमिडोरस, डायोनिसियस अशी नावे ग्रीकांत घरोघर असत आणि प्रत्येकात एकेक देव बसलेला असे. शिंद्यांच्या घराण्यातील महादजी आणि दत्ताजी ही नावे आठवली म्हणजे निराळे सांगावे लागत नाही.

मूल जन्मले की ग्रीक घराच्या दारावर, मुलगा असेल तर ऑलिव्हच्या डहाळीचा हार आणि मुलगी असेल तर लोकर बांधीत. पाचव्या किंवा सातव्या दिवशी तान्ह्याला उचलून चुलीभोवती फिरवीत. त्या फेऱ्याने मूल घरचे होई. दहाव्या दिवशी नाव ठेवीत. आपली पाचवी आणि आपले बारसे यांच्याहून हे फारसे दूर नाही. माझी आजी पाचवीच्या रात्री पाटावर कोरा कागद आणि लेखणी ठेवी. सटवाई येऊन बाळाच्या कपाळी लिहिते म्हणून. ग्रीकांच्या सटवाया तीन. मेलिआगर नावाचा वीर सात दिवसांचा असताना त्या त्याच्या घरी आल्या आणि चुलीतले ते लाकूड जळून जाईपर्यंतच हा जगेल असे सांगून गेल्या. आईने धावत जाऊन लाकूड ओढून काढले, विझवले आणि पेटीत कुलूपबंद केले. पुढे त्याच मेलिआगराने आपल्या मामांना मारले, तेव्हा भावांच्या शोकाने वेडी झालेल्या आईने ते लाकूड स्वतःच्या हाताने पुन्हा विस्तवात टाकले. ही त्यांची पुराणकथा. परंतु ती कथा सांगणाऱ्या आणि ऐकणाऱ्या बायकांच्या समोर रोजची चूल होती आणि मांडीवर लेकरू होते हे विसरू नये. पुराण त्यांच्याकडे पोथीत नव्हते, विस्तवाजवळ होते.

ती चूल म्हणजे हेस्टिया देवी. यज्ञात, जेवणात पहिला मान तिचा. तिच्याविषयी कथा जवळजवळ नाहीत. घर सोडून ती कोठे जातच नाही, तर कथा कशी घडणार? घराच्या चौकात कुंपणाच्या झ्यूसची वेदी असे. कोठीत दुसरा झ्यूस, साठा राखणारा. त्याची मूर्ती नसे. कानांना लोकर गुंडाळलेला एक घट, त्यात पाणी, तेल आणि नाना प्रकारचे दाणे, हाच देव. आमच्याकडे नवरात्रात बसवलेला घट ज्यांनी पाहिला आहे त्यांना हा देव परका वाटण्याचे कारण नाही. जेवण झाल्यावर निर्भेळ मद्याचा एक घोट सुदैवाच्या नावाने घेत. हे सुदैव सापाच्या रूपाने घर राखते अशी समजूत होती. जुन्या वाड्याच्या तळघरातील राखणदाराला आपण मारीत नाही, तसेच. आणि कोठलाही पेला तोंडाला लावण्यापूर्वी चार थेंब जमिनीवर देवाला. आपण ताटाभोवती पाणी फिरवून चित्राहुती घालतो. आमच्या आजोबांचा हात त्याशिवाय भाताला लागत नसे. हा थेंबांचा नेम लक्षात ठेवावा, पुढे वकिलीच्या संदर्भात तो पुन्हा यायचा आहे.

दाराबाहेर रस्त्याचा अपोलो असे. त्याला मूर्ती नाही, वर निमुळता होत गेलेला एक दगडी खांब, एवढेच. अथेन्ससारख्या शहरांत दाराशी आणि तिठ्यावर हर्मीसचे चौकोनी खांब असत, त्यांना वर फक्त डोके कोरलेले. अंधाऱ्या रात्री, म्हणजे आपल्या अमावास्येला, चव्हाट्यावर हेकाटी देवीसाठी अन्न ठेवून मागे न पाहता घरी परतायचे. राजपुऱ्याच्या तिठ्यावर दहीभाताचा उतारा मी लहानपणी कितीदा ओलांडला आहे. थिओफ्रॅस्टस नावाच्या ग्रीक ग्रंथकाराने भाबड्या माणसाचे एक चित्र काढले आहे. तो माणूस चव्हाट्यावरच्या गुळगुळीत दगडांपाशी आला की कुपीतले तेल त्यांवर ओततो, गुडघे टेकतो आणि मगच पुढे सरकतो. थिओफ्रॅस्टस त्याला हसतो. हसणारा तत्त्वज्ञ आणि तेल ओतणारा शेजारी एकाच गल्लीत राहत होते आणि सणाला एकाच वेदीपाशी उभे राहत होते, हे मला त्या समाजाचे मुख्य लक्षण वाटते.

कारण त्यांच्या धर्मात कबूल करण्याजोगे असे फारसे काही नव्हतेच. एक ग्रंथ नाही, एक आचार्य नाही, अमुक मानतोस का असे विचारणारा कोणी नाही. विचारायचे ते एवढेच की नेम पाळला का, देवाचा वाटा देवाला दिला का. बळी दिला म्हणजे हाडे आणि चरबी देवासाठी अग्नीत जाई आणि मांस माणसे वाटून खात. ही वाटणी अशी उलटी का, याला कथा होती: प्रोमेथिअसने झ्यूसला फसवले, हाडांवर चमकदार चरबी पसरून तो ढीग त्याच्यापुढे केला. देवाला फसवले म्हणून आपल्याला जेवायला मिळते, असे सांगणारे पुराण दर यज्ञाच्या वेळी आठवायचे, ही गोष्ट मला फार माणसाळलेली वाटते. अर्थात त्या झ्यूसला रागही येई आणि त्याने आगच काढून घेतली, हा कथेचा पुढचा भाग.

अशा माणसाच्या मनात दुसऱ्यांच्या देवांविषयी पहिला प्रश्न खरा की खोटा असा येत नाही. हा आपला कोणता, असा येतो. इ. स. पू. ३०० च्या सुमारास मेगॅस्थेनिस पाटलीपुत्रास आला. मथुरेकडील शूरसेन लोक ज्या देवाला विशेष मानतात तो आपला हेराक्लीस, असे त्याने लिहून ठेवले. तो कृष्णाविषयी लिहीत होता असे बहुतेक पंडित मानतात. पुढे शंभर-सव्वाशे वर्षांनी अगाथोक्लीस नावाच्या ग्रीक राजाने नाणी पाडली. १९७० साली फ्रेंच संशोधकांना अफगाणिस्तानात ऐ-खानूम येथील खोदाईत ती सापडली. त्यांच्या एका बाजूला नांगरधारी संकर्षण आहे, दुसऱ्या बाजूला चक्रधारी वासुदेव; एकीकडे ग्रीक अक्षरे, दुसरीकडे ब्राह्मी. हेलिओडोरस जन्मला त्याच्या आधीच वासुदेव ग्रीक राजाच्या टांकसाळीतून बाहेर पडला होता. म्हणून विदिशेला येऊन त्याला हा देव प्रथमच दिसला असे समजण्याचे कारण नाही.

त्या ऐ-खानूमविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण हेलिओडोरसची माणसे ज्या प्रकारच्या गावांतून खाली उतरली त्याचा तो उत्तम नमुना आहे. तेथे तालीम होती, ती हर्मीस आणि हेराक्लीस यांना अर्पण केलेली; आपल्या तालमीत मारुती असतो, तसे. डेल्फीच्या देवळातील उपदेशवचने क्लिआर्कस नावाच्या माणसाने मुद्दाम उतरवून आणून तेथे दगडावर कोरवली होती. बालपणापासून मरणापर्यंत प्रत्येक वयात कसे वागावे, याविषयीची. आणि गावातले मोठे देऊळ मात्र ग्रीक घाटाचे नव्हतेच, पूर्वेकडच्या घाटाचे होते. आत बसवलेल्या प्रचंड मूर्तीचा एक पाय सापडला आहे, त्याच्या वहाणेवर वज्राचे चिन्ह आहे. देव झ्यूस असावा, देऊळ स्थानिक. घरापासून हजारो मैलांवर आलेल्या लोकांनी काय धरून ठेवले आणि काय सोडले, याचा हा जमाखर्च आहे.

तक्षशिला त्याहून आणखी या बाजूला. तेथील सिरकप या भागातले रस्ते ग्रीक रीतीने सरळ आखलेले आहेत आणि जवळच जंडियाल येथे ग्रीक वळणाच्या खांबांचे देऊळ निघाले आहे. बाजारात चालणाऱ्या नाण्यावर एका अंगाला ग्रीक, दुसऱ्या अंगाला खरोष्ठी. हेलिओडोरसचा राजा अंतिआल्किदास याच्या नाण्यावर सिंहासनावर बसलेला झ्यूस आहे, हातात विजयदेवता, आणि समोर चक्क हत्ती. रोज हातात खेळणारे नाणे असे असले म्हणजे मुलाला निराळी शिकवण लागत नाही. दिऑनच्या या मुलाला दोन भाषा येत असल्या पाहिजेत, त्याशिवाय त्याला या कामावर पाठवले नसते.

काम नाजूक होते. ग्रीकांच्या आणि मध्यदेशच्या राजांच्या लढाया होऊन दोन पिढ्याही लोटल्या नव्हत्या. यवनांनी साकेताला आणि मध्यमिकेला वेढा घातल्याचा उल्लेख पतंजलीने व्याकरणाचे उदाहरण म्हणून केला आहे. कालिदासाच्या मालविकाग्निमित्रात शुंगांच्या अश्वमेधाचा घोडा सिंधूच्या काठी यवन घोडेस्वार अडवतात. त्या नाटकातला राजा विदिशेचाच. अशा गादीवरच्या भागभद्र राजाकडे, त्याच्या कारकिर्दीच्या चौदाव्या वर्षी, इ. स. पू. ११३ च्या सुमारास, अंतिआल्किदासाने आपला माणूस पाठवला. पुढे बोलणी काय झाली हा राजकारणाचा भाग. मला त्यातले धर्माचे अंग अधिक महत्त्वाचे वाटते. ग्रीकांत दूत हा हर्मीसच्या रक्षणाखाली असे. त्याच्या हातात हर्मीसची दोन सापांची काठी, त्याच्या अंगाला हात लावणे पाप. आपल्याकडेही दूत अवध्य मानलाच आहे. आणि तहाला ग्रीक भाषेत जो शब्द आहे त्याचा मूळ अर्थ ओतलेले थेंब. जेवणापूर्वी जमिनीवर सांडायचे तेच थेंब दोन राजांच्या मध्ये सांडले की तह झाला. घरातली चित्राहुती आणि दरबारातला करार यांना एकच शब्द असलेल्या लोकांचा हा प्रतिनिधी होता. परक्या दरबारात त्याने पहिली चौकशी तेथल्या देवाची केली असेल तर ते त्याच्या पेशाला धरूनच होते.

विदिशा त्या वेळी आडगाव नव्हते. पैठणहून उत्तरेला निघालेली जुनी वाट माहिष्मती आणि उज्जयिनी करून येथे येई. येथल्या हस्तिदंताच्या कारागिरांनी सांचीच्या तोरणावर कोरीव काम केले, असे तेथील लेखच सांगतो. आणि बेस नदीच्या जवळ वासुदेवाचे देऊळ होते. १९६३ ते १९६५ या काळात पुरातत्त्व खात्याच्या खरे यांनी केलेल्या खोदाईत त्या देवळाचा लंबगोल पाया सापडला: गर्भगृह, प्रदक्षिणेची वाट, अंतराळ आणि मंडप, सारे काही. वरचे काम लाकडामातीचे. पहिले देऊळ इ. स. पू. चौथ्या-तिसऱ्या शतकातले, ते पुराने गेले. भराव घालून दुसरे बांधले, त्याच्यापुढे लाकडी गरुडध्वज होता. तेही पुराने गेले. मग तिसऱ्यांदा जमीन उंच करून देऊळ उभे राहिले. हेलिओडोरस आला तो या तिसऱ्या खेपेच्या सुमारास. आम्ही तापीकाठची माणसे, पुराचे आम्हाला कोणी सांगायला नको. दोनदा वाहून गेलेले देऊळ तिसऱ्यांदा उभारणाऱ्या लोकांत हा परका वकील आला आणि त्याने या वेळी ध्वज दगडाचा करवला. पायाखाली लोखंडी पाचरी ठोकून खांब पक्का बसवला.

खांबाच्या आठ पैलूंच्या भागावर त्याने सात ओळी कोरवल्या. लिपी ब्राह्मी, भाषा लोकांची प्राकृत. ग्रीक अक्षर एकही नाही. त्यांचा आशय असा: हा देवाधिदेव वासुदेवाचा गरुडध्वज दिऑनचा पुत्र, तक्षशिलेचा रहिवासी, भागवत हेलिओडोरस याने करविला; तो महाराज अंतिआल्किदासाकडून काशीपुत्र भागभद्र राजाकडे यवनांचा दूत म्हणून आला आहे. स्वतःला त्याने बापाच्या नावाने सांगितले आणि यजमान राजाला आईच्या. सातवाहनांचे गौतमीपुत्र आपल्या परिचयाचे आहेत, तीच ही पद्धत. दोन रिवाज एका वाक्यात शेजारी बसले आहेत. आणखी एक खुबी पाहावी. आपल्या धन्याला त्याने महाराज म्हटले, भागभद्राला नुसते राजा. परंतु त्याच्यापुढे त्रातार अशी पदवी जोडली. त्राता ही ग्रीक राजांची आवडती पदवी, मिनँडरच्या नाण्यांवर ती आहे. म्हणजे मोठेपणा आपल्याकडे ठेवला आणि मान यजमानाला दिला, तोही आपल्याच पोतडीतला. पुणे दरबारातल्या मुरब्बी वकिलाने मान डोलवावी असे हे वाक्य आहे.

त्याखाली दोन ओळी आहेत आणि त्या राजकारणाच्या नाहीत. दम, त्याग आणि अप्रमाद ही तीन पावले नीट टाकली तर ती स्वर्गाला नेतात, असे त्यांत सांगितले आहे. या तीन गुणांची जोड महाभारतातही येते. क्लिआर्कसाने डेल्फीची वचने मैलोगणती दूर नेऊन कोरवली. हेलिओडोरसाने विदिशेच्या लोकांची वचने विदिशेतच कोरवली. देवळापाशी सद्वर्तनाची शिकवण दगडावर असावी ही हौस मात्र दोघांची सारखीच दिसते.

आता मूळ प्रश्न. सर रामकृष्णपंतांचे चिरंजीव देवदत्त भांडारकर यांनी, परके लोक हिंदू समाजात कसे मिसळत आले हे दाखवणारा एक दीर्घ लेख १९११ साली लिहिला. तशा वादात या खांबाचा दाखला हटकून निघतो. एक पक्ष म्हणतो, पाहा, यवनालाही आपण भागवत करून घेतले. दुसरा म्हणतो, तो मुत्सद्दी होता, यजमानाला खूष करायला खांब उभारला, त्यात भक्ती कसली? मला दोन्ही पक्ष अर्धवट वाटतात. केवळ खुषामत करायची तर गरुडध्वज पुरेसा होता. स्वतःच्या नावाशी भागवत हा शब्द लावण्याची गरज नव्हती. तो शब्द म्हणजे आपल्याकडची तुळशीची माळ. कोणी सहज घालत नाही, आणि घातल्यावर लोक पाहतात. तेव्हा भक्ती खरी.

परंतु माळ घातली म्हणून घरचे देवघर रिकामे करावे लागते का? आमच्या राजपुऱ्यात पंढरीची माळ घालणारी घरे आहेत आणि त्याच घरांत चंपाषष्ठीला खंडोबाची तळी उचलली जाते. कुळदैवत कुळाचे, विठोबा जीवाचा, तिठ्यावरचा शेंदरी दगड वाटेचा. कोणी कोणाला हाकलत नाही. हेलिओडोरसाने आपल्या बापाच्या चुलीवरची हेस्टिया टाकली असे त्या सात ओळींत कोठेही नाही, आणि त्याच्या लोकांच्या रीतीप्रमाणे तशी गरजही नव्हती. जुन्नरजवळ नाणेघाटात सातवाहन राणीचा लेख आहे, त्याच्या आरंभी धर्म, इंद्र, संकर्षण-वासुदेव, चंद्र-सूर्य आणि चार लोकपाल अशा सर्वांना एका दमात वंदन केले आहे. त्या काळच्या भक्तीला अशी गर्दी चालत होती.

पुढे आलेल्या यवनांशी ताडून पाहिले तर हे अधिक स्पष्ट होते. नाशिकच्या लेण्यांत एक लेणे दत्तामित्रीहून आलेल्या उत्तरेकडच्या यवनाने कोरवले. त्याचे नाव इंद्राग्निदत्त, बापाचे धर्मदेव. कार्ल्याच्या चैत्यात धेनुकाकटच्या यवनांनी खांब दिले, त्यांचीही नावे येथलीच. ही माणसे येथे मिसळून गेली होती. हेलिओडोरस मिसळून गेला नाही. नाव सूर्याचे, बापाचे नाव झ्यूसचे, गाव तक्षशिला, ओळख यवनदूत, आणि या सर्वांच्या मध्ये भागवत. त्याने काही वजा केले नाही, एक शब्द वाढवला. माझ्या मते त्याच्या चरित्रातला मोठा प्रसंग हाच. ज्यांना तो शब्द खटकतो आणि ज्यांना तो अपुरा वाटतो, त्या दोघांनीही ओळी पुन्हा वाचाव्यात.

परक्याने आपल्या देवस्थानाची खूण येथल्या अक्षरांत ठेवावी ही गोष्ट बुऱ्हाणपूरकरांना तरी नवलाची नाही. आमच्या जामा मशिदीत सोळाव्या शतकाच्या अखेरीस फारुकी सुलतानाने अरबीबरोबर संस्कृत लेखही कोरवला. त्यात सृष्टिकर्त्याला वंदन आहे, वंशावळ आहे आणि तिथी पंचांगाप्रमाणे दिली आहे. शेजारधर्म दगडावर असा उमटतो. असो, हे विषयांतर झाले.

विदिशा ओसरली, देऊळ गेले, गरुड पडला, लिपी वाचणारे संपले. खांब उरला, आणि आता गंमत पाहा. आसपासच्या ढीमर लोकांनी त्याला देव केला. त्याला शेंदूर चढू लागला, नवस बोलले जाऊ लागले, बळी पडू लागले. तिठ्यावरच्या दगडावर तेल ओतणारा थिओफ्रॅस्टसचा भाबडा माणूस बेसनगरला असता तर त्याला येथे काय करायचे हे कोणी सांगावे लागले नसते. १८७७ साली जनरल कनिंगहॅम येथे आले तेव्हा खांबावर शेंदराचा इतका जाड थर होता की, खाली अक्षरे असतील हे त्यांना दिसले नाही. खांब गुप्तकाळचा असेल असा अंदाज करून ते परतले. पुढे १९०९ साली ग्वाल्हेर संस्थानचे इंजिनिअर लेक यांनी बुंध्याकडचा थर थोडा काढवला आणि अक्षरे दिसू लागली. मार्शल साहेबांनी त्याच वर्षी ती बातमी विलायतेच्या विद्वानांपुढे ठेवली. ज्या भक्तीने लेख झाकला तिनेच तो खांब कोणाच्या पायरीचा किंवा पाट्याचा दगड होण्यापासून वाचवला, हे येथे नोंदले पाहिजे. बेसनगरचा बाकीचा पुष्कळ दगड तसाच गेला.

१९१३ ते १९१५ या काळात देवदत्त भांडारकर संस्थानात खोदाईला आले. टेकाडावर खांबबाबाच्या पुजाऱ्याचे घर होते. त्याचा हक्क मानून त्यांनी तो भाग न खणता सोडला. पुरातत्त्वाच्या दृष्टीने काम अपुरे राहिले, ते पन्नास वर्षांनी खरे यांनी पुरे केले. पण पुजाऱ्याचे घर न पाडण्याची ती मर्यादा मला भांडारकरांच्या संशोधनाइतकीच आवडते. त्याच सुमारास संस्थानचे पुरातत्त्व खाते मोरेश्वर बळवंत गर्दे यांच्या हाती आले. गुजरी महालात त्यांनी जो संग्रह उभा केला त्यात बेसनगरचे दगड आहेत. ग्वाल्हेरच्या वाचकांना ते पाहायला लांब जावे लागत नाही.

खांब पाहायचा तर विदिशा स्टेशनवर उतरावे. बुऱ्हाणपूरहून खांडवा, इटारसी, भोपाळ करून आणि ग्वाल्हेरहून झांशी करून, दोन्हीकडून गाडी आहे. शेंदूर आता नाही, अक्षरे उघडी आहेत. खरे यांच्या खोदाईवरून तेथे उत्तर-दक्षिण रेषेत एकूण आठ खांब होते असे ठरले आहे. इतर सातांच्या जागा सापडल्या. ते खांब कोणाचे होते हे सांगणारी ओळ एकाचीही उरलेली नाही. उभा आहे तो तक्षशिलेच्या दिऑनच्या मुलाचा.